वरच्या थरातले टोमॅटो

आमच्या आत्याला हसताना कुणी पाहिलं असेल तर ते टोमॅटोंनीच. माणसांशी ती कायम भांडायच्या तयारीत. टोमॅटो मात्र तान्ह्या बाळाचं डोकं सावरावं तसा उचलायची.

पॅकिंग शेडमध्ये ती क्रेट भरायची, आमच्याकडे सगळेच भरतात तसा: कडक खाली, पिकलेले वर. पिकलेल्याला भार सोसत नाही, आणि आधी काय संपवायचं ते घेणाऱ्याला दिसतं.

आमचा देश चिमुकला, शेजारचा मात्र अवाढव्य. त्यांच्या हवामानाच्या बातम्यांत आमचा अख्खा देश 'लगतचा परिसर' म्हणून उरकायचा. त्यांच्याशी व्यापाराचा करार झाला. करारात दोघं समान. फक्त तपासायचं त्यांनी आणि तपासून घ्यायचं आम्ही. पहिली गाडी पास झाली तर शेडला कायमचा परवाना, नाहीतर कुलूप आणि सगळ्या बायका घरी. आत्या स्वतःच गाडीत चढली. ड्रायव्हर तिचा जावई. बिचारा गिअरसुद्धा विचारून बदलत होता.

सीमेवरच्या नाक्यावर तपासनीसाने झाकण उचललं. वर लालबुंद, मऊ टोमॅटो.

"वरच असले मऊ, तर खाली काय असेल? गाडी परत न्या."

"तुमच्याकडे चांगले वर ठेवतात?" आत्याने विचारलं.

"अर्थात."

"मग वाईट लपवता कुठे?"

"आई, साहेब आहेत ते!" जावई कळवळला.

"साहेब आहेत, पण सकाळपासून उपाशी दिसतात. तोंड बघ केवढंसं झालंय." तिने पिशवीतून सुरी आणि मिठाची पुडी काढली.

पहिला टोमॅटो साहेबांनी उभ्यानेच खाल्ला. दुसऱ्याला स्टूल ओढलं. मग हात पुसून स्वतःच एकेक थर उचलत तळापर्यंत गेले.

"पास," ते म्हणाले. "पण आजी, पुढच्या वेळी कडक वर ठेवा. माझ्या जागी दुसरा असेल तर तो झाकण उचलून लगेच बंद करेल."

कुणाचं एक न ऐकणारी आत्या शेडमधल्या बायकांसाठी "बरं" म्हणाली.

परतताना जावई खुशीत होता. "आई, जिंकलात की!"

"पिकलेले खाली चिरडतील रे," ती एवढंच म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तिने शेडमधल्या सुताराला कामाला लावलं. पिकलेल्यांसाठी उथळ क्रेट, एकाच थराचे. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. गाडीत माल कमी बसतो म्हणून जावयाने कुरकुर केली.

"मग तू उतर," आत्या म्हणाली, "अजून दोन क्रेट बसतील."