टपावरचा डबा आणि मागची सीट

गाडीत जागा न्हाई, गाडीत जागा न्हाई, हे मी अजून किती ऐकायचं? नवरा गेल्यापासून मी माहेरी राहते. धाकटा भाऊ दरसाल घरच्यांना कुलदैवताला नेतो. सगळ्यात मागच्या सीटवर बॅगा असतात, म्हणून मी घरी.

आज भाऊ-भावजयीसंगं जालन्याला गाडीच्या टपावर बसवायचा सामानाचा डबा घ्यायला गेल्ते. बॅगा वर गेल्या की ती सीट माझी, असं मला वाटलं. मीच सगळ्यात मोठा डबा दाखवला.

दुकानदार म्हणला, "अक्का, हा लांब हाय. डिक्कीचं दार उघडताना अडकंल."

"मंग मधला दे. पण बॅगा सगळ्या मावल्या पाहिजेत."

मधला घेतला. भावजय खुश. "बरं झालं, आता मागची सीट पाडून लेकरांना झोपायला गादी टाकू."

मी भावाकडं पाहिलं. तो डब्याचं कुलूप लावून बघत राह्यला.

येताना मी त्याच सीटवर बसून आले.

ग्रुपवरच्या बायांनो, ती लेकरं माझ्याच मांडीवर झोपून मोठी झाली. आता माझीच अडचण व्हते का?

बाळू, माझ्या भावा, तू बी या ग्रुपवर हायेस. तोंडावर विचारलं की उठून जातोस, म्हणून इथं विचारते. शनिवारी निघायचंय. गुरुवारपर्यंत इथंच सांग, मी येऊ का नको?