अगानेताचा खालचा सूर

अगानेता एजे महाहट्टी. वयाने मोठ्या बाईला आम्ही एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणतो. आमच्या किर्गीझ गावातली जर्मन घरं एकामागून एक जर्मनीला गेली, नवरा मातीआड झाला, पण ही बया जागची हलली नाही. दर रविवारी प्रार्थनाघर उघडायची, कोळशाची शेगडी पेटवायची आणि बायकांच्या बाजूला आपल्या ठरल्या बाकावर बसून गायची.

शेजारीण म्हणून मीही जायची. मी किर्गीझ, येशूला मानायला लागल्यापासून किती मंडळ्या पालथ्या घातल्या! गिटारवाले झाले, ढोलवाले झाले, उपासवाले झाले. दर वसंतात नवा तंबू ठोकतेस, असा एजेचा टोमणा असायचा. मी हसण्यावारी न्यायची. कंटाळले की परत तिच्याकडेच यायची.

त्यांच्यात चार आवाजांत गायची रीत. एजेकडे लहानपणापासून खालचा सूर. मुख्य चाल इतरांनी गायची. आता इतर आणायचे कुठून? तरी ती खालचाच सूर गायची. मध्येच थांबून पुरुषांच्या रिकाम्या बाकांकडे बघायची, मान डोलवायची आणि पुन्हा सूर धरायची. माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा विचारलंच, तर म्हणाली, सगळे गातायत की, तुला ऐकू येत नाही?

मग तिचा मुलगा रूडी जर्मनीहून आला. आई एकटी गाते याचं त्याला वाईट वाटायचं. तिकडे गेलेल्या गावकऱ्यांना जमवून त्याने तीच गाणी रेकॉर्ड करून आणली होती. रविवारी लावली. चारही आवाज भरून आले. मी तर रडलेच. पण तिकडे चाल पळायला लागली होती, आवाज म्हातारे झाले होते. एजेला त्यांच्यात शिरताच येईना. ती ओठ मिटून बसली. रूडी स्पीकर ठेवून आनंदात परत गेला.

पुढच्या रविवारी एजेने सुरुवात केली, थांबली, बाकांकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला.

"गेले गं सगळे," ती म्हणाली. "काहीच ऐकू येत नाही."

हिनेच दार लावलं तर मी मेली परत यायची कुठे? म्हटलं, स्पीकर लावू का? नाहीतर मुख्य चाल गा ना, कोण अडवतंय? तिने नकारार्थी मान हलवली.

"मला वाटायचं मी त्यांच्यासोबत गाते," ती हळूच म्हणाली. "आता कळेल कोणासाठी गाते ते."

आणि तिने तोच खालचा सूर पुन्हा धरला.