रडारला घातलेला सडा

सांगलीहून मेढ्याकडं निघालो तेव्हा टेम्पोत मी, ड्रायव्हर आणि आमचं रडार. यंत्र बाळाच्या ढकलगाडीएवढं, पण नजर अशी की रस्त्याखाली मुंगीनं जांभई दिली तरी पडद्यावर दिसावी. खोटं वाटत असेल तर मुंगीला विचारा. कलिंगडावर टिचकी मारून आपण आतलं ओळखतो ना, तसंच हे जमिनीत लहरी सोडतं आणि न खणता सांगतं, डांबर किती, खडी किती, मुरूम किती.

मेढ्याच्या पुढच्या एका गावात रस्त्याला लांबच लांब भेगा पडल्या होत्या. आत कुठं किती बिघडलंय, कुणालाच ठाऊक नव्हतं. बांधकाम खात्यातल्या आमच्या साहेबांनी बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत नेमकी जागा दाखवा, नाहीतर उद्या जेसीबी लावून सगळा रस्ता उकरतो." आणि त्याच आठवड्यात गावची जत्रा! देवाच्या पालखीला दुसरी वाटच नव्हती.

वेशीत पोचलो आणि मी कपाळावर हात मारला. पाहुणं यंत्र येणार म्हणून बायकांनी अख्ख्या रस्त्यावर सडा घातला होता. सडा कसला, कोयनेचा दरवाजाच उघडला होता! वर गाडीच्या चाकाएवढ्या रांगोळ्या.

सरपंचबाई आरतीचं ताट घेऊन पुढं आल्या. "या दादा. यंत्राला कुंकू कुठं लावायचं?"

"आवं ताई, पाणी कशाला मारलं? ओल्यात ह्याला दिसत न्हाई!"

"मंग पावन्याला धुळीतनं आणायचं व्हय?"

यंत्र फिरवून बघितलं. पडद्यावर नुसता गोपाळकाला. आता संध्याकाळपर्यंत काय दाखवणार, कपाळ?

"वाळंल की," बाई म्हणाल्या. "ऊन हाय, च्या हाय. बसा."

बसलो. इतका चहा पाजला की माझ्या पोटावर रडार फिरवलं असतं तर तिथंही ओलच दिसली असती.

दुपारी रस्ता तव्यासारखा तापून खडखडीत झाला. मी यंत्र ढकलत निघालो, मागं सरपंचबाई, त्यांच्या मागं गाव. जणू वरातच. पडद्यावर थर कसे, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक. देवळाच्या अलीकडं मात्र एक पट्टा लखकन चमकला. परत फिरवलं, परत तिथंच. वरून रस्ता कोरडा, पण तिथल्या भेगांतून सकाळचा सडा खाली खडीत उतरून साचला होता. साचल्या पाण्यावरून लहरी जोरात उलटतात. बाकी भेगा वरवरच्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी जेसीबीनं बैल बसेल एवढीच जागा उकरली. खाली खडीचा नुसता चिखल. तो काढला, नवी खडी दाबली, वर डांबर.

"सडा नसता तर काय दिसलं असतं वो?" सरपंचबाईंनी विचारलं.

"काहीच न्हाई! पण हे साहेबांना सांगू नका, ताई. पुढच्या खेपेला मला बादली घेऊन धाडतील."

जत्रेला मला आग्रहाचं बोलावणं आलं. पालखी नव्या ठिगळावर आली आणि भोई नेमके तिथंच लागले नाचायला, तेही असे की सज्जनगड हलावा! माझा जीव टांगणीला. रस्त्यावर पालथा पडून गाल डांबराला टेकवला, ठिगळ दबतंय का बघायला. केसभरही दबलं नव्हतं.

गावाला वाटलं, इंजिनियर लय भाविक हाय, दंडवत घालतोय. पोतंभर गुलाल माझ्या पाठीवर पडला.