जिल्ह्याला दिलेला होकार

मागच्या रविवारी दुपारी मुलीने टीव्हीवर एक इंग्रजी सिनेमा लावला. माणसं गोरी, पण बोलत होती हिंदीत. एका बासरीवाल्याला अमेरिकेत राहायचं असतं आणि त्याचा व्हिसा संपत आलेला असतो, म्हणून तो कुत्र्यामांजरांच्या एका डॉक्टरणीशी लग्न करतो. प्रेमबिम काही नाही, नुसती सोय. डॉक्टरणीलाही आईची रोज नवं स्थळ दाखवण्याची कटकट बंद करायची असते.

चर्चमध्ये नवरी पांढऱ्या कपड्यांत आली तेव्हा सासूबाईंना बरं वाटलं. आमच्या विहारातल्या लग्नातही नवरी पांढऱ्या साडीत असते, तेवढं एक तरी त्यांना ओळखीचं दिसलं. बाकी सगळा वेळ त्या, "हे दोघं काहून भांडून राहिले?" असं विचारत होत्या. आमचे हे दिवाणावर आडवे होऊन घोरत होते. सिनेमा कोणताही असो, त्यांची झोप ठरलेली.

मग एक साहेब येतो. लग्न खरं की खोटं हे तपासायला दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो आणि विचारतो, नवरा कोणत्या कुशीवर झोपतो, बायकोचा दात घासायचा ब्रश कोणत्या रंगाचा. मुलगी हसून लोटपोट झाली. असं कोणी विचारतं का, म्हणाली. मी सांगितलं, आम्हाला विचारलं होतं. तिने सिनेमा तिथेच थांबवला. मी पडले मास्तरीण, फुकटचा वर्ग मिळाला तर सोडते थोडीच.

माझ्या लहानपणी गोंदिया आणि भंडारा हा एकच जिल्हा होता. पुढे भाऊ-भाऊ चुली वेगळ्या करतात तसे ते वेगळे झाले आणि मला नोकरी लागली ती नेमकी पलीकडच्या चुलीत, गोंदियातल्या सालेकशाच्या जंगलातल्या एका शाळेत. माझं माहेर भंडाऱ्यात, साकोलीजवळ. कालपर्यंत जे आमचंच होतं, ते आता परजिल्हा झालं. तिथून परत यायचं तर बदली हवी, आणि बदलीला कारण हवं. घरी आईबाप म्हातारे आहेत, इथलं पाणी बाधतं, साप निघतात, ही कारणं कोणी वाचतसुद्धा नसे. चालायचं एकच: नवरा त्या जिल्ह्यात नोकरीला हवा.

त्या सुमारास तुमसरकडून एक स्थळ आलं. मुलगा आंबागडचा, किल्ल्याच्या पायथ्याशी घर, तिथल्याच शाळेत मास्तर. बाबा त्याच्या स्वभावाचं, घरच्या धानाच्या शेतीचं सांगत होते. मी फक्त विचारलं, "नोकरी भंडारा जिल्ह्यातच आहे ना?" आणि होकार दिला. खरं सांगायचं तर तो होकार मुलाला नव्हताच, जिल्ह्याला होता. मुलगा त्याच्यासोबत आला.

पण बदली काही आली नाही. आली ती ही मुलगी. ती दूध तुटण्याएवढी झाली आणि मी तिला आंबागडला सासूबाईंपाशी ठेवलं, कारण शाळेच्या त्या गावात ना दवाखाना ना रस्ता. शनिवारी अर्धी शाळा आटोपून मी गाडी धरायची, तुमसर रोड स्टेशनला उतरायचं, आणि सोमवारी उजाडायच्या आत परत निघायचं. मुलगी सासूबाईंना 'माय' म्हणायला शिकली. मला ती 'मॅडम' म्हणायची, कारण गल्लीतले सगळे तेच म्हणत. लोकांना मोठी गंमत वाटायची. मी हसून दाखवायची आणि गाडीत खिडकीकडे तोंड करून रडायची.

शेवटी बदल्यांच्या वेळी कोणीतरी तक्रार केली की काही जोडपी नुसती कागदावरची आहेत. तक्रार अगदीच खोटी नव्हती. आमच्या ओळखीतल्या एका गुरुजींनी आणि बाईंनी खरोखरच तेवढ्यापुरतं लग्न केलं होतं. मग प्रत्येक घरी जाऊन चौकशी करायला एक साहेब निघाले. त्या दोघांनी शिष्यवृत्तीच्या परीक्षेसारखा अभ्यास केला. बाईंच्या चपलेचं माप, गुरुजींना कोणत्या डाळीने पोट फुगतं, सगळं पाठ. साहेब त्यांच्या घरून खूष होऊन निघाले आणि आमच्याकडे आले. आम्ही खरे नवरा-बायको, त्यामुळे आमची तयारी शून्य होती.

साहेब पडवीत बसले. आधी ह्यांना बोलावलं, मी आतल्या दारामागे. आमचे हे आंबागडच्या मंडईतल्या, म्हणजे गावजत्रेतल्या, नाटकात दरवर्षी इन्स्पेक्टरचं काम करायचे. स्टेजवर भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस त्या दिवशी स्वतःच रुमाल शोधत होता. बायकोला भाजी कोणती आवडते? तर, आई जी करते ती. चहात साखर किती घेते? घरात असते तेवढी. माहेरी भावंडं किती? त्यावर त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. माझी जन्मतारीख तेवढी बरोबर सांगितली, पण त्यात काही नवल नव्हतं. आमच्या पिढीतले निम्मे मास्तर दाखल्यावर शाळा उघडते त्याच आठवड्यात जन्मलेले आहेत.

मग मला बोलावलं. माझे डोळे अंगणाकडे. तिथे मुलगी सासूबाईंच्या पदराला धरून उभी होती. हा माणूस लग्न खोटं असं लिहून गेला तर मी आणखी कित्येक वर्षं मॅडमच राहणार, हे मला कळत होतं. भाजी-साखर साहेबांनी मला विचारलीच नाही. त्यांनी सरळ विचारलं, "बाई, हे लग्न तुम्ही बदलीसाठी केलं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण रोज पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारायच्या आणि आपण खोटं बोलायचं, हे मला जमेना. शिवाय माझा स्वभाव असा की कोणी आरोपासारखं विचारलं की मला आधी राग येतो. मी म्हटलं, "हो, बदलीसाठीच केलं."

साहेबांनी पेन टेकवलं. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी कप तसाच साहेबांपुढे सरकवला. सगळ्यात जास्त धक्का बसला तो आमच्या ह्यांना. ते साहेबांना विसरले आणि माझ्याकडे वळले. "मले वाटे, तुले मी पसंत पडलो म्हणून तू हो म्हनलं," म्हणाले. आवाज इतका बारीक की मला तो अजून आठवतो.

तरी माझं तोंड थांबेना. दरवर्षीचं साठलेलं त्या पडवीत बाहेर आलं. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाहुणे येतात, नाटक होतं आणि गावच्या लेकी जावयाला घेऊन माहेरी येतात. शेजारची गावं आपापसांत दिवस ठरवून घेतात म्हणजे मंडई एकावर एक येत नाही. पण आंबागड कुठे आणि आमचं गाव कुठे. दोन्हीकडची मंडई दरवर्षी एकाच दिवशी यायची. इन्स्पेक्टरशिवाय नाटक कसं होणार, म्हणून हे एकदाही माझ्या गावाला आले नव्हते. मी ते सगळं ऐकवलं. तुमचं नाटक, तुमची मंडळी, तुमच्या घरचे पाहुणे, आणि तिकडे माझे बाबा दर मंडईला धुतलेला शर्ट घालून साकोलीच्या बसस्टँडवर उभे राहतात, जावई येईल म्हणून. शेवटची गाडी गेली की सायकल हातात धरून चालत घरी जातात, हे तुम्हाला माहीत तरी आहे का?

त्यांना माहीत नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं.

"मले जिल्हा पसंत होता," मी म्हटलं. "तुमी एकदा तरी मंडईले आले असते, तं तुमीबी पसंत पडले असते."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, गार झालेला चहा पिऊन टाकला आणि हळूच सासूबाईंना विचारलं, "हे दरसाली असंच चालते का?"

सासूबाई म्हणाल्या, "दरसाली, साहेब. मंडईच्या आधी आठ दिवस मी या दोघांच्या मधात पडत नाई."

साहेब उठले. त्यांची बायको लाखनीकडची होती आणि दिवाळीनंतर तेही आठ दिवस घरात चोरासारखे वावरायचे, हे त्यांनी चपला घालता घालता सांगितलं. कागदावरची जोडपी एकमेकांशी फार गोड बोलतात, असा त्यांचा अनुभव होता. आमच्याबद्दल काय लिहायचं ते त्यांना कळलं होतं.

बदली झाली. दिवाळीच्या आधी मी तुमसर तालुक्यातल्या शाळेत रुजू झाले. मुलगी मात्र आणखी काही दिवस मला मॅडमच म्हणत राहिली, आणि मी रोज संध्याकाळी घरी येते याचं तिला नवल वाटायचं. मंडईचा दिवस आला तसा मी काहीच विषय काढला नाही. सकाळी उठून पाहते तर हे दाढी करून, मुलीला नवा झगा घालून तयार. इन्स्पेक्टरची टोपी त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकली होती. त्या वर्षी आंबागडच्या नाटकात नव्या इन्स्पेक्टरने गोंधळून खलनायक सोडला आणि नायिकेच्या बापाला अटक केली. मंडळी आजही ते माझ्या नावाने सांगतात.

साकोलीला उतरलो तर बाबा उभे होते. धुतलेला शर्ट, हातात सायकल. आम्ही येणार हे त्यांना कळवलं नव्हतं, ते नेहमीसारखेच आले होते. मुलगी ह्यांच्या खांद्यावर झोपलेली. बाबांनी जावयाच्या हातातली पिशवी घेऊन सायकलला अडकवली. ह्यांनी झोपलेल्या मुलीला सांभाळत वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "बाबा, मले यायले उशीर झाला."

मी एवढं सांगून थांबले. मुलीने सिनेमा पुढे लावला, बासरीवाल्याला व्हिसा मिळाला. सासूबाईंनी विचारलं, "झाली का तेची बदली?" झाली म्हटलं. मग मुलीने मला विचारलं, "तुला माझे बाबा नेमके पसंत पडले कधी?" मी म्हटलं, साकोलीच्या बसस्टँडवर, लग्न झाल्याला बरीच वर्षं उलटल्यावर.

माझे बाबा आता नाहीत. त्या घरात भाऊ-भावजय आहेत, बसस्टँडवर घ्यायला कोणी येत नाही. दिवाणावरचं घोरणं केव्हा थांबलं होतं ते माझ्या लक्षात आलं नाही. डोळे मिटूनच हे म्हणाले, "औंदा तुमच्या गावची मंडई कवा आहे, पायलं का?"