आई यायच्या दोन दिवस आधी

हे निखिलला, माझ्या नवऱ्यालासुद्धा, माहीत नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. गप्प राहून दमले, एवढंच.

कोरोनाची दुसरी लाट होती. मला आठवा महिना लागलेला. वाघोलीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच, दोघांचंही ऑफिस घरातून. बाळंतपणाला आई यवतमाळहून येणार होती. मी दिवस मोजत होते — कोण मोजत नाही?

एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं. निखिल आतल्या खोलीतून धावत आला. मी ओट्याशीच उभी, गॅसकडे पाठ करून भाजी चिरत — आणि मला वास आला नव्हता. तो गेल्यावर मी हिंगाची डबी हुंगली. साबण हुंगला. काही नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले असते तर टेस्ट झाली असती, नाव घातलेल्या हॉस्पिटलनं मला घेतलं नसतं — असं मी स्वतःला सांगत आले. पण हॉस्पिटल मला नंतर सुचलं. मला आई हवी होती. तिचं तिकीट रद्द करायला अजून दोन दिवस होते. मी फोनवर तिला काय म्हणाले? "येताना जवसाची चटणी आण."

ती आली. तिसऱ्या दिवशी मला ताप, पाचव्या दिवशी तिला. मग मला धाप लागायला लागली आणि डॉक्टरांनी घाईनं सिझर केलं. ओवीला कोरोना नव्हता. ती फक्त फार लवकर आली होती, तिला श्वास घेता येत नव्हता. अकरा दिवस मी माझी मुलगी निखिलच्या मोबाइलवर बघितली — काचेच्या पेटीत, नाकात नळ्या. अजूनही थंडीत तिची छाती भरते. त्यामुळेच का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. मीही विचारत नाही.

सासूबाई शनिवार पेठेतून फोनवर म्हणाल्या, "विहीणबाई एकट्या नाही आल्या, सोबत पाहुणा घेऊन आल्या." आईनं ते ऐकलं. रडत मला म्हणाली, "मीच आणला वं तो रोग. बसमधून."

आणि मी — मी म्हणाले, "जाऊ दे आई, तू काय मुद्दाम आणलास?"

माफ केलं मी तिला. समजतंय ना तुम्हाला? मी, तिला.

आई अजून येते. ओवीला जवळ घेण्याआधी दर वेळी हात धुते, कोपरापर्यंत. गेल्या महिन्यात ओवीनं विचारलं, "आजी, तू सारखी हात का धुतेस?"

"तू झाली ना, तवा आजीच्या हातून लय मोठी चूक झाली, बाई."

निखिल तिथंच जेवत होता. मी ऐकलं, आणि तव्यावरची पोळी उलटली.