शिवण बाहेरून

कापड हातात आलं की जुबेदाआपा ते आधी गालाला लावायच्या, मग मनगटाच्या आतल्या बाजूवर घासायच्या. रंग, किंमत, पन्हा हे सगळं नंतर. रेवदंड्याच्या मोहल्ल्यात, घराच्या ओटीवर त्यांचं मशीन होतं. नवरा कुवेतला असताना त्यांनी त्या मशीनवर दोन मुलगे वाढवले. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती मुलीचा फाटलेला गणवेश घेऊन.

मितू तेव्हा सात वर्षांची होती. ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी सांगून वर्ष झालं होतं. ती बोलत नव्हती. चार शाळांनी नाही म्हटल्यावर पाचवीने घेतलं होतं. पण गणवेश घातला की ती भर वर्गात तो ओरबाडून काढायची. मुख्याध्यापिका म्हणाल्या, महिनाभर बघू, नाहीतर घरीच ठेवा. त्या सकाळी मी मितूच्या थोबाडीत मारली होती. लिहायला बरं वाटत नाही, पण मारली होती.

"फार हट्टी आहे हो," मी आपांना म्हणाले. "जाड कापडाचा, मजबूत शिवा. हूक पाठीला लावा, म्हणजे तिचा हात पोचणार नाही."

आपांनी शर्ट उलटा करून आतून बोट फिरवलं. मग ओटीवर पडलेल्या सुंभाचा बोटभर तुकडा तोडला आणि माझ्या ब्लाउजच्या मागच्या गळ्यात सरकवला. "उद्या दुपारपर्यंत काढायचा न्हाय, वैनी. मग या, हूक लावू."

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. अर्ध्या तासात मी दोन गिऱ्हाइकांवर खेकसले आणि तिसऱ्याला खिळ्यांऐवजी स्क्रू दिले. तासाभराने सुंभ काढून फेकला आणि स्कूटर परत रेवदंड्याला वळवली.

आपा हसल्या. "एवढ्यात? तुमच्या गळ्यात एकच होता. पोरीच्या अंगात असे धा हायत. कॉलर, लेबल, काखा, कंबर. ती हट्टी न्हाय, तिला टोचतंय."

त्यांनी मितूला टेप लावली नाही. जुन्या फ्रॉकवरून माप घेतलं. मऊ सुती कापड आणायला लावलं, ते मलाच तीनदा धुवायला लावलं. इलॅस्टिकऐवजी नाडी घातली. शर्टाच्या शिवणी आतून घ्यायच्या त्या बाहेरून घेतल्या आणि वर निळी पट्टी लावून झाकल्या. "बाईंनी विचारलं तर सांगा, फॅशन हाय."

पहिला शर्ट मितूने काढून टाकला. मी वैतागून आपांपुढे आपटला.

"काढताना पहिला हात कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"मी नाही बघितलं. मी तिला ओरडत होते."

"आई तुम्ही, का मी? जा, उद्या बघा. तोंड बंद ठेवून बघा."

पाहिलं. हात डाव्या काखेत गेला. आपांनी तेवढंच उसवून पुन्हा शिवलं. महिना संपायला दोन दिवस होते. त्या दिवशी मितू शाळा सुटेपर्यंत गणवेशात होती. मी पेढे घेऊन धावत गेले तर आपा म्हणाल्या, "पेढे ठेवा. दुसऱ्या शर्टाचं कापड कुठाय? एकच धुवून किती दिवस घालाल?"

पुढे प्रत्येक अडचण मी त्यांच्याकडेच नेली. नखं कशी कापू, मिक्सर लावला की ही किंचाळते त्याचं काय करू. उत्तर माहीत नसेल तर त्या सरळ "मला न्हाय ठाऊक, बघून सांगा" म्हणायच्या. डॉक्टरांकडूनसुद्धा मी हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. ओटीवर आलेली एखादी बाई हळहळली, "बिचारी बोलत न्हाय ना?" की आपा मशीन न थांबवता म्हणायच्या, "बोलते की. तुम्हाला तोंडातलंच ऐकू येतं."

सहा वर्षं आम्ही शनिवारी दुपारी जात होतो. मग साखरेने आपांची नजर गेली आणि मोठा मुलगा त्यांना मुंब्र्याला घेऊन निघाला. रिक्षा दारात उभी होती. मितू माझ्या स्कूटरवर बसून पिशवीच्या बंदाशी खेळत होती. मी तिचा दंड धरून ओढलं, "आपांना टाटा कर. परत भेटायच्या नाहीत त्या."

आपांनी आवाजावरून ओळखलं. "सोडा तिला. निरोप तुम्हाला हवाय, तिला न्हाय."

मी दंड सोडला आणि रडले. आपांनी रडू दिलं. मग "पुरे, गाडी चुकेल" म्हणून रिक्षात बसल्या.

पुढच्या शनिवारी मितू ओटीवर गेली. कुलूप हातात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि परत येऊन स्कूटरवर बसली. मुंब्र्याहून आपा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिलाही सांगितलं. तिने ऐकलं आणि ताटातली पोळी संपवली.

परवा त्या बंद घराच्या ओटीवर आपांच्या शेजारच्या सायराभाभी कळवळून म्हणाल्या, "दर शनवारी आणता पोरीला. अजून कळलं न्हाय वाटतं तिला?"

मी मान हलवली. मितू स्कूटरवरच बसलेली होती. ओटीपर्यंत मीच आले होते.