एवेलियोच्या मुठीतला माइक

सान ओनोफ्रेच्या जत्रेत साउंड लावणाऱ्या ओविदियाकडे महागडा माइक एकच होता. तो तिने जत्रेत गाणाऱ्या पेत्रोनाआजीसाठी राखला होता, कारण आजीचा आवाज आता पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नसे.

तालमीत एवेलियोच्या साध्या माइकने कर्कश शिट्टी मारली.

“ताई, माझ्यासारख्या गायकाला हे भंगार?”

नेहमीसारखी त्याने माइकची जाळीच मुठीत आवळली होती. ओविदियाने महागडा माइक त्याच्या हाती दिला. त्याचीही जाळी त्याने तशीच आवळली, आणि त्या माइकनेही तशीच शिट्टी मारली.

“पटलं? वीस वर्षं गातोयस, अजून माइक धरता येत नाही.”

तिने तो हिसकावला, त्यावरची एवेलियोची थुंकी फडक्याने पुसली आणि आजीसमोर लावला. एवेलियोचा साधा माइक स्टँडवर घट्ट आवळून ती म्हणाली, “आता हात मागे बांधून गा.”